भोपळ्याचे शिल्प, मातीची जाळी

परसातल्या मांडवावर किंवा गोठ्याच्या छपरावर एखादा दुधी दरवर्षी तोडायचा राहून जातो. पानांआड दडलेला असतो, दिसतो तेव्हा निबर झालेला असतो. मग घरातली जाणती बाई म्हणते, राहू द्या, बियाण्याला होईल. थंडी संपता संपता वेल वाळतो, फळ हलके होते, टिचकी मारली तर लाकडासारखे वाजते आणि हलवले तर आत बिया खुळखुळतात. बी काढून फडक्यात बांधून ठेवले जाते. कवच मात्र उकिरड्यावर, नाहीतर चुलीत.

वाचकहो, या चुलीत जाणाऱ्या कवचाविषयी, आणि त्याच्याच जोडीला आपल्या अंगणात पडून असलेल्या माती, पेंढा, दोर, शेण या वस्तूंविषयी आज थोडे बोलायचे आहे. विषय शिल्पकलेचा आहे, पण बिचकू नका. यातले निम्मे ज्ञान तुमच्या घरात आधीच आहे.

आपल्या मुलखाला वाळका भोपळा काही नवा नाही. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला भोपळा बांधलेली माणसे अजून गावोगावी आहेत. नदीला पूर असला की भोपळे एकत्र बांधून त्यांची सांगड करीत आणि तिच्या आधाराने पैलतीर गाठीत. बैराग्याच्या हातातला तुंबा भोपळ्याचा आणि कीर्तनात गळ्यात अडकवलेल्या वीण्याचा भोपळाही भोपळ्याचाच. मिरजेत एकोणिसाव्या शतकापासून सतारी आणि तंबोरे तयार होतात. २०२४ साली या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याचा तो गरगरीत खालचा भाग म्हणजे पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतात पिकलेला कडू भोपळा. मिरजेचा कारागीर भोपळा हातात घेतो तो भाजीवालीसारखा नाही. तो सालीची जाडी पाहतो, घेर पाहतो, कुठे दबलेला आहे का ते चाचपतो आणि मग ठरवतो की यातून पुरुषाच्या आवाजाचा मोठा तंबोरा होईल की बाईच्या आवाजाचा लहान. फळ त्याला जे देईल त्यावर पुढचे काम. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

आपल्या शेजारच्या छत्तीसगडात, बस्तरकडे, हाच भोपळा तुंबा या नावाने ओळखला जातो. रानात, बाजाराला जाताना आदिवासी माणसाच्या खांद्यावर तुंबा असायचा, त्यात पाणी नाहीतर पेज. माती फुटते, धातूला पैसा लागतो, तुंबा वेलावर फुकट मिळतो आणि त्यातले पाणीही गार राहते. तिथले कारागीर सुरी विस्तवात तापवून तुंब्याच्या सालीवर नक्षी डागतात. रेघ काळी, भोवतालचा रंग मधासारखा पिवळा. प्लास्टिकच्या बाटल्या आल्या तसे तुंब्यातले पाणी संपले. मग त्याच कारागिरांनी तुंब्याला भोके पाडून आत दिवा बसवला आणि शहरातल्या घरांसाठी दिव्यांची झाकणे करायला घेतली.

आता शिल्पाकडे येऊ. शिल्प म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तालुक्याच्या चौकातला पुतळा येतो, नाहीतर देवळाच्या खांबावरची दगडी मूर्ती. ब्राँझ, संगमरवर, काळा पाषाण. टिकाऊ, वजनदार आणि महाग. पण गेल्या पन्नास-पाऊणशे वर्षांत जगभरच्या कितीतरी शिल्पकारांनी छिन्नी-हातोडा बाजूला ठेवला आणि दोर, माती, पेंढा, मेण, शेण, दोरा, भोपळा असले सामान हाती घेतले. काहींनी पैसा नव्हता म्हणून घेतले. काहींना वाटले की राजे-पुढारी दगडात शोभतात, पण आईच्या हातचे काम, झाडाची वाढ, उपाशी पोट या गोष्टी दगडात सांगता येत नाहीत. आणि काहींच्या हाताशी दुसरे काही नव्हतेच.

भोपळ्यापासूनच सुरुवात करू. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात मिनी ब्लॅक नावाच्या बाई होऊन गेल्या. जन्म १८९९ चा, मृत्यू १९९६ चा, म्हणजे जवळजवळ शंभरी गाठली. डोंगराळ, शेती करणारा मुलूख. या बाईंनी उतारवयात भोपळ्याचे वेल लावले आणि वाळल्या भोपळ्यांतून प्राणी करायला घेतले. लांब मानेचा भोपळा असेल तर त्याचा हंस नाहीतर डायनासोर. पोट सुटलेला असेल तर माणूस. एकाचे धड, दुसऱ्याची मान, तिसऱ्याच्या तुकड्याचे कान, सांधे लगद्याने भरायचे आणि वरून रंग. कोणत्याही कलाशाळेत त्या गेल्या नव्हत्या. त्यांनी भोपळ्यांचे एक लहानसे संग्रहालय उभे केले, आणि म्हाताऱ्या मंडळींना गोळा करून भोपळ्याच्या वाद्यांचा बँडसुद्धा काढला. पुढे अमेरिकेच्या दूरदर्शनवर त्यांना बोलावणी आली. आपल्या गोष्टीतली म्हातारी भोपळ्यात बसून वाघाला चकवते. केंटकीच्या या म्हातारीने भोपळ्यालाच वाघ केले म्हणा ना!

मिनीबाईंच्या कामात आणि मिरजेच्या कारागिराच्या कामात एक गोष्ट सारखी आहे. दोघेही आधी फळाकडे पाहतात, मग काम ठरवतात. दगडाच्या चिऱ्यात काहीही कोरता येते, भोपळ्यात तसे नाही. तो वेलावर लोंबकळत वाढला की मान सरळ उतरते, जमिनीवर पडून वाढला की मान वाकडी होते आणि बूड सपाट बसते. निम्मे शिल्प वेल करतो. चिनी लोकांनी तर यावर कडी केली. कोवळे फळ नक्षीच्या साच्यात घालायचे. ते आत फुगते आणि साच्याची नक्षी सालीवर उमटवून घेते. वाळले की साचा काढून टाकायचा. बादशाही काळात तिथे असे साच्यातले भोपळे पेट्या, फुलदाण्या आणि गाणाऱ्या रातकिड्यांचे पिंजरे करण्यासाठी मुद्दाम वाढवले जात.

आता जिच्यासाठी खरे तर हा लेख लिहायला घेतला त्या बाईची हकीकत ऐका. ही शेतकऱ्याच्या घरातली. तिचे साहित्य भोपळा नव्हता, माती होती.

सोनाबाई रजवार. गाव पुहपुत्रा, जिल्हा सरगुजा, तेव्हाचा मध्य प्रदेश, आजचे छत्तीसगड. जन्म १९३० च्या आसपासचा. लग्न चौदा-पंधराव्या वर्षी, नवरा वयाने बराच मोठा. काही वर्षांनी एक मुलगा झाला. मग नवऱ्याने गावाच्या कडेला नवे घर बांधले आणि बायकोला त्या घरात ठेवले. ठेवले म्हणजे बाहेर जाऊ दिले नाही. शेजारीण नाही, पाणवठा नाही, बाजार नाही, माहेर नाही. एक-दोन महिने नव्हे, सुमारे पंधरा वर्षे. बहिणींनो, आपल्यातल्या कितीजणींनी उंबऱ्याच्या आत वर्षे काढली आहेत ते तुम्ही जाणता. तरी पाणवठ्यावर चार शब्द बोलायला तरी मिळतात. सोनाबाईंना तेही नव्हते.

लहान मुलाला खेळायला काही हवे, म्हणून त्यांनी अंगणातल्या विहिरीजवळची माती घेतली आणि खेळणी केली. चिमण्या, माकडे, माणसे. मूल खुलले. मग घरात गरम फार व्हायचे, ओसरीवर उन्हाची तिरीप यायची, तेव्हा त्यांनी बांबूच्या पातळ कांबी वाकवून त्यांची कडी केली, कडी एकमेकांना गवताने बांधली आणि त्यावर मातीचा लेप दिला. वाळल्यावर त्याची जाळी झाली. खांबा-खांबांमध्ये ती जाळी बसवली. वारा आत येऊ लागला, ऊन गाळून येऊ लागले आणि जमिनीवर सावलीची नक्षी पडू लागली. जाळीच्या गोल घरांत त्यांनी पक्षी बसवले, साप सोडले, नाचणारी, वाजवणारी माणसे उभी केली. बाहेरची जी माणसे त्यांना दिसत नव्हती ती त्यांनी घरात आणून ठेवली. रंग स्वयंपाकघरातल्या जिनसांपासून, पाल्यापासून, मातीपासून केलेले.

आता जरा थांबून आपल्या कणगीकडे पाहा. बांबूच्या कांबी विणायच्या, वरून शेण-मातीचा लेप द्यायचा, वाळवायचे. सोनाबाईंची जाळी याहून वेगळ्या विद्येची नाही. माती किती मळायची, पेंढा किती घालायचा म्हणजे तडा जात नाही, पहिला हात सुकल्याशिवाय दुसरा का देऊ नये, हे सारे कुडाची भिंत लिंपणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असते. त्या समाजातल्या बायका सणाला भिंतींवर मातीचे उठावाचे काम करीत. सोनाबाईंनी तेच ज्ञान भिंतीवरून उचलले आणि मोकळ्या जागेत उभे केले. जगातल्या कोणाही शिल्पकाराने याहून अधिक काय करायचे असते?

हे घर तसेच राहिले असते आणि एखाद्या पावसाळ्यात वाहूनही गेले असते. पण १९८२ साली भोपाळला भारत भवन सुरू झाले. तिथल्या कलासंग्रहालयाचे प्रमुख जगदीश स्वामीनाथन हे स्वतः चित्रकार. त्यांनी खेड्यापाड्यांत माणसे पाठवली की जा, कोण काय करते आहे ते पाहून या. १९८३ साली ही माणसे पुहपुत्र्याला पोचली. घर पाहून थक्क झाली. सोनाबाईंचे काम भोपाळला गेले, दिल्लीला गेले. त्याच वर्षी राष्ट्रपतींच्या हस्ते दिला जाणारा सन्मान त्यांना मिळाला, आणि १९८६ साली मध्य प्रदेश शासनाचा तुलसी सन्मान. ज्या बाईने उंबरा ओलांडला नव्हता ती अमेरिकेपर्यंत जाऊन आली. मुलाने हे काम शिकून घेतले. गावातल्या आणि शेजारच्या गावांतल्या बाया शिकल्या, त्यांना काम मिळाले. सोनाबाई २००७ साली वारल्या. त्यानंतर दोन वर्षांनी अमेरिकेत सान दिएगो शहरात त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले. एका बाईच्या एकांतातून एक आख्खी परंपरा सुरू झाली, असे जाणकार म्हणतात ते खोटे नाही. मात्र त्या पंधरा वर्षांचे गोडवे कोणी गाऊ नयेत. माती हाताशी होती म्हणून ती बाई तगली. कोंडले म्हणून कला आली, असा अर्थ काढणाऱ्याने स्वतः आठवडाभर कोंडून घेऊन पाहावे.

स्वामीनाथनांची एक गोष्ट मला फार पटते. भारत भवनात त्यांनी शहरातल्या शिकलेल्या चित्रकारांचे काम आणि आदिवासी व खेड्यातल्या कलावंतांचे काम एकाच छपराखाली, एकाच मानाने मांडले. एक कलाकार आणि दुसरा कारागीर, अशी उतरंड ठेवली नाही.

कारण शहरातले शिल्पकारही त्याच वेळी आपल्या गोठ्यातले सामान उचलत होते. मृणालिनी मुखर्जी या त्यांपैकी एक. जन्म १९४९ चा, मुंबईचा. वडील बिनोदबिहारी मुखर्जी नामांकित चित्रकार, आई लीला मुखर्जीही शिल्पकार. बडोद्याला त्या के. जी. सुब्रमण्यन यांच्याकडे शिकल्या. सुब्रमण्यन यांना खेड्यातल्या कारागिरीचे मोठे वेड. तिथून मृणालिनींनी जो दोर हातात घेतला तो पुढची वीस-पंचवीस वर्षे सोडला नाही. आपल्या ताग-अंबाडीच्या जातीचा तंतू. बाजारातून दोर आणायचा, रंगवायचा आणि गाठीवर गाठ मारत जायचे. माग नाही, सुई नाही, नुसती बोटे. आधाराला आत लोखंडी सांगाडा. कित्येक महिन्यांनी त्यातून माणसाएवढी, कधी माणसाहून मोठी आकृती उभी राहायची, धड देवी नाही, धड झाड नाही, धड फूल नाही. पाहणाऱ्याला देवराईत शिरल्यासारखे वाटते. एका शिल्पाचे नाव ‘यक्षी’, एकाचे ‘वनश्री’, एकाचे ‘पुष्प’. २०१५ साली दिल्लीच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन लागले आणि त्याच आठवड्यात त्या गेल्या. २०१९ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने त्यांच्या कामाचे प्रदर्शन भरवले. अंबाडी सोलून, पाण्यात कुजवून, धुऊन, वाक काढून चऱ्हाट वळणाऱ्या आपल्या म्हाताऱ्यांनी ते पाहिले असते तर पहिला प्रश्न हाच विचारला असता की गाठ कोणती मारली. आणि तो प्रश्न बरोबर ठरला असता.

दुसऱ्या शीला गौडा, कर्नाटकातल्या भद्रावतीच्या, जन्म १९५७. शिकल्या चित्रकला, थेट लंडनपर्यंत. पण १९९२ च्या सुमारास देशात दंगली पेटल्या तेव्हा नुसत्या रंगाने त्यांचे भागेना. त्यांनी शेण घेतले. शेणाने आपण अंगण सारवतो, गोवरी थापतो, चूल पेटवतो. ते पवित्रही आणि पायाखालचेही. शेणाच्या विटांची वळणदार ओळ आणि मधल्या फटीत कुंकवाची लाल रेघ, असे एक काम त्यांनी १९९६ साली केले. बस, एवढेच. पण सारवलेली जमीन आणि तिच्यावरची लाल रेघ हे दंगलीनंतरच्या वर्षांत पाहिलेल्या माणसाला आणखी काही सांगावे लागत नाही. पुढे १९९८ च्या एका कामात त्यांनी साधा शिवणाचा दोरा घेऊन तो सुयांच्या नेढ्यांतून ओढला, दोऱ्यांचे जुडगे डिंक-कुंकवाने माखून त्याचे लांबच लांब तांबडे दोर केले आणि खोलीभर सोडले. दोराच्या टोकाला सुयांचा झुबका. बाईच्या कामाला टोके किती असतात, हे त्यात दिसते.

शेणाचे शिल्प ऐकून कोणी हसेल. त्याने आपल्याच दिवाळीचा विचार करावा. पाडव्याला दारापुढे शेणाच्या गवळणी कोण घालते? गवळण, तिच्या डोक्यावरचे मडके, गाई, पेंद्या, वर झेंडूच्या पाकळ्या. चार बोटांत धड, चिमटीत नाक. दुसऱ्या दिवशी त्या मोडतात, सुकवून गोवऱ्या होतात आणि कोणाला त्याचे काही वाटत नाही. बेंदूर-पोळ्याचे मातीचे बैल तसेच.

फरक कुठे आहे? फरक टिकण्यात आहे. आपली वस्तू मोडायचीच असते. सारवण आठ दिवसांनी पुन्हा घालायचे, कणगी पुन्हा लिंपायची. संग्रहालयात ठेवलेली वस्तू मात्र शंभर वर्षे राहावी लागते आणि तिला वाळवी लागते, कसर लागते, दमट हवेने बुरशी येते. भोपळ्यात भुंगा शिरला तर आतून पीठ होते आणि बाहेर कळत नाही. म्हणून अशा शिल्पांची निगा राखणे हे दगडी मूर्तीपेक्षा अवघड काम आहे. आणि फरक भावातही आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. बस्तरचा तुंबा हस्तकलेच्या दुकानात वस्तू म्हणून विकला जातो. त्यावर करणाऱ्याचे नाव बहुधा नसते. शहरातल्या शिल्पकाराच्या कामावर नाव असते आणि किंमत त्या नावाची असते. मृणालिनीबाईंनी महिनोन्‌महिने गाठी मारल्या, त्यांच्या कष्टाविषयी शंका नाही. पण तुंब्यावर सुरी चालवणाऱ्याचे नावही चिठ्ठीवर यायला हवे, एवढे तरी आपण म्हणू शकतो. तुमच्या घरातले कोणी काही करून बाजारात देणार असेल तर त्यावर नाव आणि गाव घालूनच द्या.

आता घरात करून पाहायचे असेल तर.

तांबडा भोपळा यासाठी चालत नाही, त्याची साल तशी घट्ट होत नाही. हवा तो दुधीच्या जातीचा, पांढऱ्या फुलाचा. पावसाळ्याच्या तोंडाला बी लावले तर थंडीत फळ पक्के होते. वेलावर फळे थोडी ठेवा. घाई करून तोडू नका. नखाने साल दबत असेल तर ते अजून कोवळे आहे, वाळताना सुरकुतेल. देठ वाळून तपकिरी झाला की दोन-तीन बोटे देठ ठेवून कापा. देठ उपटला तर तिथून पाणी शिरून सडते.

मग सावलीत, वारा लागेल अशा जागी, जमिनीला न टेकवता फळीवर नाहीतर बाजेवर ठेवा आणि अधूनमधून फिरवा. एकमेकांना चिकटू देऊ नका. लहान फळाला महिना-दीड महिना लागतो, मोठ्याला चार-सहा महिनेही लागतात. मध्यंतरी सालीवर काळी-पांढरी बुरशी चढते आणि घरातले कोणीतरी फेकून द्यायला निघते. देऊ नका. आतले पाणी बाहेर पडताना असे होते. फळ कडक असेल तर बुरशी नुसती वरवरची असते. बोट रुतेल इतके मऊ पडले असेल तेच टाका.

बिया खुळखुळू लागल्या आणि फळ पोकळ वाटू लागले की कोमट पाण्यात भिजवून काथ्याने घासा, वरचा पापुद्रा निघून जातो. खाली गुळगुळीत, लाकडासारखी साल लागते. कापायला बारीक दातांची करवत घ्या. आतला वाळका गर खरवडताना नाका-तोंडाला ओले फडके बांधाच, ती धूळ छातीला वाईट. हे काम अंगणात करा, पोरांना बाजूला ठेवा. नक्षी डागायची असेल तर तापवलेल्या सळईने हलक्या हाताने. जोर केला की साल फुटते. रंगाला गेरू आणि काजळी चांगली टिकतात. हळदीचा रंग सुरेख, पण उन्हात उडून जातो. वरून जवसाचे तेल चोळले की झिलई येते. तेलाच्या चिंध्या मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल सुकताना तापते आणि अशा बोळ्याने आपोआप पेट घेतल्याची उदाहरणे आहेत. चिंधी मोकळी पसरून वाळवा. रंगवलेल्या भोपळ्यात पाणी किंवा खाण्याचे काही ठेवू नये हे सांगायला नकोच.

आणि शेवटी जे सांगायचे ते नीट ऐका, कारण हा जिवाचा प्रश्न आहे. कडू भोपळा आणि भाजीचा दुधी एकाच जातीचे. त्यांची फुले संध्याकाळी उमलतात, पतंग-किडे एकावरून दुसऱ्यावर जातात आणि संकर होतो. यंदाच्या फळाची चव त्याने बदलत नाही. पण त्या फळातले बी पुढच्या साली लावले तर भाजीचा वेल म्हणून लावलेल्या वेलाला कडू फळे येऊ शकतात. कडू दुधीत विषारी द्रव्य असते. त्याचा रस पिऊन माणसांना रक्ताच्या उलट्या झाल्या आहेत, माणसे दगावली आहेत. शिजवल्यानेही तो कडवटपणा जात नाही. तेव्हा दुधी चिरल्यावर फोडीचा कण जिभेवर ठेवून पाहायचा, कडू लागला तर थुंकून टाकायचा आणि आख्खे फळ टाकायचे. चार पैशांची भाजी गेली तर जाऊ द्या.

शिल्पासाठी कडू भोपळा लावायचा असेल तर त्या शिवारात भाजीच्या दुधीचे बी घरचे धरू नका, खात्रीच्या ठिकाणचे आणा. घरचेच धरायचे असेल तर मादी फूल, म्हणजे ज्याच्या मागे बोटाएवढे फळ असते ते, आणि त्याच वेलावरचे एक नर फूल, दोन्ही उमलण्याआधी दुपारीच दोऱ्याने बांधून ठेवा. संध्याकाळी सोडून नर फुलाचे केसर मादी फुलाला लावा, मादी फूल पुन्हा बांधा आणि त्या देठाला रंगीत चिंधी अडकवा. बी धरायचे ते त्याच फळाचे. कडू भोपळ्याच्या बियांची पुरचुंडी वेगळी, तिच्यावर ठळक अक्षरात ‘कडू’ असे लिहा आणि ती स्वयंपाकघरात ठेवू नका.